विमान कोठे मुक्काम करते?

गावाला धावपट्टी मिळाली की विमान आलेच, असा आपला भोळा समज असतो. आम्ही म्हणतो, धावपट्टी सरकार बांधते. विमान मात्र हिशेब आणतो.

शेजारचा सिंधुदुर्गच पाहा. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी अलायन्स एअरचे मुंबईचे विमान चिपीला उतरले. ‘उडान’ योजनेप्रमाणे सुमारे निम्म्या आसनांच्या भाड्यास मर्यादा, आणि येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरावयाची. २०२४ साली मुदत सरली, आणि ती सेवाही थांबली.

असे का व्हावे? सत्तर आसनांचे विमान भरून जावो वा निम्मे रिकामे, इंधन, पगार आणि खुद्द विमानाचे भाडे चुकत नाही. उभे राहिलेले विमान तर नुसतेच खाते! म्हणून रात्रीचा तळ कंपनी अशा जागी करते, जेथे देखभालीची सोय असते आणि पहाटे भरलेले विमान निघते. मार्च २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ सुरू झाली. तिने तळ केला गोव्यात, मोपाला. चिपी तिच्या मार्गावर आली, मुक्कामाची जागा झाली नाही.

मग आपण रत्नागिरीकरांनी काय करावे? गणपतीत येताना भरलेले आणि परत जाताना रिकामे विमान कोणाला परवडणार? तेव्हा केवळ ‘विमान द्या’ म्हणू नये. श्रावणातल्या साध्या मंगळवारी येणारे किती, जाणारे किती, हा आकडा घेऊन कंपनीच्या दारी जावे. अनुदानाची तीन वर्षे तो आकडा उभा करण्यासाठीच असतात.