पावती मागणे हासुद्धा धम्मच

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त मलकापूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच आपण पंचशील घेतले. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, असे आपण रोज म्हणतो. पण आपल्या लेकरांच्या हक्काचा पैसा कुणी चोरला, आपल्याशी कुणी खोटे बोलले, तर काय करायचे? गप्प बसायचे? मला वाटते, गप्प बसणे म्हणजे त्या चोरीला हात देणेच होय.

बारावीचा निकाल लागला की आपल्या स्टेशनवर जाऊन पाहा. पोरंपोरी बॅगा घेऊन नागपूर, अमरावती, पुण्याची गाडी धरतात. कुणाच्या आईने बचत गटातून कर्ज काढलेले असते, कुणाच्या बापाने बैलजोडी विकलेली असते. अशा घराची फसवणूक झाली तर नुसता पैसा जात नाही, मुलाचे वय जाते. ते परत मिळत नाही.

बंधूभगिनींनो, शिष्यवृत्ती ही कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारकडे आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणाची मागणी लावून धरली आणि 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्याच पैशावर पुढे काहींनी डल्ला मारला. 2014-15 च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात प्रकरण उघडकीस आले. जे विद्यार्थी कधी वर्गात बसलेच नाहीत, त्यांच्या नावावर संस्थांनी शिष्यवृत्ती उचलली होती. 2016 साली राज्य शासनाने पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमून राज्यभर चौकशी केली आणि संस्थांकडून वसुलीचा प्रश्न पुढे आला. विचार करा, हे जमले कसे? कुणाच्या तरी घरातून दाखले गेले, कोऱ्या फॉर्मवर कुणाची तरी सही गेली, म्हणूनच ना?

दुसरे उदाहरण पाटण्याचे. 1993 साली बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजने जाहिरात दिली की आम्हाला विद्यापीठाची संलग्नता आहे, डेंटल कौन्सिलची मान्यता आहे. दोन्ही खोटे निघाले. मुलांची दोन वर्षे वाया गेली. पण ती मुले रडत बसली नाहीत, ग्राहक आयोगात गेली. राष्ट्रीय आयोगाने पैसे व्याजासह परत करायला सांगितले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि भरपाई वाढवून दिली. नावात बुद्ध होते, कारभारात नव्हते! म्हणून पाटीवरचे नाव, भिंतीवरचा फोटो बघून भुलू नका. आपल्यातलाच माणूस घेऊन आला तरी कागद बघा.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. घरी जाऊन मुलांना वाचून दाखवा.

महाडीबीटीचा फॉर्म मुलाने समोर बसून भरावा. पासवर्ड आणि ओटीपी कुणाला देऊ नये. 2021-22 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली कॉलेजची फी मात्र वेळेवर भरा. शील दोन्ही बाजूंनी पाळायचे असते. पात्र मुलाकडून कुणी नियमाबाहेर पैसे मागितले तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि बुलढाण्याला समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाची बोगस विद्यापीठांची यादी पाहा. त्या यादीत नागपूरचेही एक नाव आहे. मूळ टी.सी., मार्कशीट तपासून लगेच परत घ्या. कॉलेजने ती अडकवून ठेवू नये, असे आयोगाने 2018 मध्येच बजावले आहे.

खासगी क्लासची गोष्ट वेगळी. तिथे आपण सरळ ग्राहक आहोत. शंभर टक्के नोकरीची हमी देणे, निवड झालेल्या मुलाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापणे, याला नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे. फसवणूक झाली तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. आणि हातात पावती लागते! पावती नाही तर पुरावा नाही.

आपली माणसे म्हणतात, "साहेबांना पावती कशी मागावी, त्यांना राग येईल." अहो, येऊ द्या राग! भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणूनही मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. ज्या धम्मात गुरूलाही प्रश्न विचारता येतो, त्या धम्माच्या माणसाने क्लासवाल्यापुढे मान खाली का घालावी?

माझी समितीला एक विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात फॉर्म आणि तक्रार अर्ज लिहून देण्यासाठी ठेवावा. शिकलेल्या पोरांनी पाळीपाळीने बसावे. एकटा माणूस कार्यालयात घाबरतो. चार जण सोबत गेले की तोच माणूस नीट बोलतो. संघटित व्हा, याचा अर्थ हाच आहे.