कंत्राटदाराची खरी पुंजी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त श्रीपेरुंबुदूर येथे दिलेले भाषण)



रामानुजाचार्यांच्या या जन्मभूमीत पूर्वी यात्रेकरू उतरत. आता त्यांच्याबरोबर कारखान्यांतील कामगारही उतरतात. त्यांच्यासाठी घरे बांधून ती भाड्याने देणाऱ्या गुंतवणूकदारांकडे आपल्या कंत्राटदारांस कायमचे काम कसे मिळेल, हे सांगण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही कंत्राटदार नव्हे; सरकारी बांधकामांची बिले तपासण्यात आमची हयात गेली. त्या अनुभवाचेच चार शब्द.

गुंतवणूकदाराचे लक्ष भिंतीवर नसते, भाड्यावर असते. समजा, खोलीचे भाडे सहा हजार आहे. काम दोन महिने लांबले तर बारा हजार बुडाले. मग आपण दर पाच हजारांनी कमी लावला, त्याचे कौतुक कोणास? म्हणून तारीख जपून द्यावी व दिलेली पाळावी.

येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडील जूनचा हिशेब येथे चालत नाही. भाद्रपदातच जुन्या मालकांकडे जाऊन गच्ची व पन्हळी न बोलावता पाहून येणाऱ्यास पुढचे काम मागावे लागत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. मंडळातील एका होतकरू तरुणास आम्ही एका परिचिताचे काम मिळवून दिले. तरुणाने कराराची गोष्ट काढली तेव्हा आम्हीच म्हणालो, “आपलीच माणसे, कागद कशाला?” पाया मोजण्यापूर्वीच बुजला, बिलावर वाद झाला आणि मजुरांचे पैसे चुकविण्यासाठी त्या तरुणाच्या पत्नीच्या बांगड्या मोडाव्या लागल्या. मोजमाप पुस्तकाशिवाय एकही बिल पुढे न सोडणाऱ्या आम्हांस हे सुचू नये, याची खंत आजही आहे. तेव्हा दर, हप्ते आणि वाढीव काम लिहून घ्या. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी दोघांच्या सहीने मोजा. कागदाने स्नेह तुटत नाही, टिकतो.

शेवटी, एकाच मालकावर वा एकाच कारखान्यावर विसंबू नका. २००६ साली येथे सुरू झालेला नोकियाचा कारखाना २०१४ साली बंद पडला. त्याच्या आधारावर खोल्या बांधणाऱ्यांस झळ लागली. एका मोठ्या इमारतीपेक्षा दहा मालकांची वर्षाची दुरुस्ती हातात असलेली बरी.

तो तरुण आज या सभागृहात बसला आहे. त्याने आम्हांस क्षमा केली. त्याचा धडा आपण सर्वांनी घ्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.