मूल कशानें वाढतें?

मूल अशक्त दिसूं लागलें, त्याचें वजन वाढेनासें झालें, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो असा कीं, त्याच्या पोटांत काय जातें? दूध पुरेसें मिळतें कीं नाहीं, भाजीपाला आणि फळें तें खातें कीं नाहीं, जंत तर झाले नसतील ना, याची चौकशी होते. डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. शक्तिवर्धक औषधाची बाटली घरीं येते. ही चौकशी अनाठायीं आहे, असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तें मूल ज्या खोलींत वाढतें ती खोली कशी आहे, तें जेवावयास बसलें म्हणजे त्याच्याशीं कोण आणि कोणत्या सुरांत बोलतें, दिवसभरांत त्याच्याशीं खेळावयास कोणाला सवड असते, हे प्रश्न आरोग्याच्या सदरांत घालण्याची आपल्याकडे प्रथा नाहीं. ते शिस्तीचे किंवा फार तर संस्कारांचे प्रश्न मानले जातात. शरीराचें तें शरीरापाशीं आणि मनाचें तें मनापाशीं, अशी वांटणी आपण सोयीसाठीं करून टाकलेली आहे. मुलाचें शरीर मात्र ही वांटणी मानीत नाहीं. याचा प्रत्यय देणाऱ्या कांहीं प्रयोगांची हकीकत प्रत्येक घरांत माहीत असण्यासारखी आहे.

पहिली हकीकत १९४८ सालची. दुसरें महायुद्ध संपून तीन वर्षें झालीं होतीं. जर्मनींत अन्नाची टंचाई होती व माणशीं ठरवून दिलेल्या शिध्यावर लोकांना दिवस काढावे लागत होते. एल्सी विडोसन या इंग्रज आहारशास्त्रज्ञ बाई त्या वेळीं वुपर्टाल या शहरीं अपुऱ्या अन्नाच्या परिणामांचा अभ्यास करीत होत्या. जर्मनींतील दोन अनाथालयें त्यांनीं निवडलीं. प्रत्येकांत सुमारें ५० मुलें होतीं. त्यांचीं वयें ४ पासून १४ वर्षांपर्यंत. पहिले सहा महिने दोन्ही ठिकाणच्या मुलांना केवळ सरकारी शिधाच द्यावयाचा. पुढील सहा महिने एका अनाथालयांतील मुलांना त्याच्या जोडीला जादा पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस द्यावयाचा, आणि दुसऱ्या अनाथालयांत पूर्वीचाच शिधा चालू ठेवावयाचा, असें ठरलें. जादा अन्नानें मुलांच्या वाढींत किती फरक पडतो, हें वजनाच्या कांट्यावर पाहावयाचें होतें.

कांट्यानें भलतेंच उत्तर दिलें. पहिल्या सहामाहींत, दोन्हीकडे शिधा सारखाच असतां, एका अनाथालयांतील मुलांचीं वजनें चांगलीं वाढलीं आणि दुसऱ्यांतील मुलांचीं फार थोडीं. दुसऱ्या सहामाहींत याहूनहि नवल घडलें. पूर्वीं चांगल्या वाढणाऱ्या ज्या मुलांना आतां जादा अन्न मिळूं लागलें होतें, त्यांचीच वाढ मंदावली; आणि ज्यांना कांहींच जादा मिळत नव्हतें तीं मागें पडलेलीं मुलें भराभर पुढें गेलीं.

या कोड्याचा उलगडा शिध्याच्या वहींत झाला नाहीं; तो एका व्यवस्थापक बाईंच्या स्वभावांत झाला. पहिल्या सहामाहींत या बाई मागें पडलेल्या अनाथालयावर होत्या. बाई मोठ्या करड्या. मुलांना बोलावयाचें तें नेमकें जेवणाच्या वेळीं, सर्वांच्या देखत, असा त्यांचा परिपाठ होता. पानें वाढून होत. मुलें बसलेलीं असत. आणि कोणा एकाच्या चुकांचा पाढा सुरू होई. तो संपेपर्यंत अन्न निवून जाई आणि निदान एक तरी मूल रडत असे. पुढें, ज्या सुमारास जादा पाव सुरू झाला त्याच सुमारास, या बाईंची बदली त्या दुसऱ्या अनाथालयावर झाली. त्यांच्याबरोबर त्यांचा जाच तिकडे गेला; ज्या ठिकाणाहून त्या गेल्या तेथील मुलांनीं मोकळा श्वास घेतला. बाईंचीं आठ आवडतीं मुलें होतीं. त्यांना त्या कधीं रागावत नसत, आणि बदली झाली तेव्हां त्यांना त्यांनीं आपल्याबरोबर नेलें. या आठ मुलांचीं वजनें मात्र दोन्ही सहामाहींत इतरांपेक्षां चांगलीं वाढलीं. ही सारी हकीकत विडोसन यांनीं १९५१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली.

विदुराघरच्या कण्या श्रीकृष्णाला गोड लागल्या, ही कथा आपल्याकडे आबालवृद्धांना ठाऊक आहे. परंतु तिचा अर्थ आपण भक्तीपुरता घेत आलों. कण्या गोड लागतात एवढेंच नव्हे, तर त्या अंगीं लागतात, असा त्या कथेचा एक शारीरिक अर्थहि निघूं शकतो, हें त्या अनाथालयांतील कांट्यानें दाखविलें.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. भय आणि संताप यांच्या वेळीं शरीर पळावयाच्या किंवा लढावयाच्या तयारीला लागतें. पचनाचें आणि वाढीचें काम तें मागें सारतें. प्रसंग क्षणाचा असला तर यांत अपाय नाहीं. परंतु तो रोज, दोन्ही वेळां, महिनोन् महिने आला, तर वाढीचें काम मागेंच राहतें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते. शरीर वाढविणारा स्राव तीमधून रक्तांत मिसळतो, आणि त्याचा मोठा वांटा गाढ झोपेंत मिळतो. १९६७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनीं उंची खुंटलेल्या १३ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलांच्या घरचें वातावरण अत्यंत बिघडलेलें होतें. ज्यांची तपासणी झाली त्यांपैकीं बहुतेकांच्या शरीरांत हा स्राव कमी आढळला. घरापासून दूर, निर्भय जागीं ठेवल्यावर, वाढीचें कोणतेंहि औषध न देतां, हीं मुलें झपाट्यानें वाढूं लागलीं.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, प्रेम असलें म्हणजे अन्न नसलें तरी चालेल. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, शिवाय निर्दयपणाचाहि आहे. कारण ज्या मातेच्या घरीं चूल एकदांच पेटते तिला तो दोषी ठरवितो. अन्न आणि आपुलकी यांचें परस्परांशीं नातें काय, हें पाहण्याचा मोठा प्रयत्न वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर झाला. किंग्स्टन शहराच्या दरिद्री वस्त्यांतून सॅली ग्रँटहॅम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाई आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८६-८७ मध्यें १२९ मुलें निवडलीं. मुलें ९ ते २४ महिन्यांचीं. उपासमारीनें उंची खुंटलेलीं. त्यांचे चार गट पाडण्यांत आले. एका गटाला दर आठवड्यास एक किलो दुधाची पोषक भुकटी मिळे. दुसऱ्या गटांतील प्रत्येक घरीं आठवड्यांतून एकदां आरोग्यसेविका जाई, तासभर बसे आणि मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, वस्तूंचीं नांवें कशीं सांगावीं, त्याला शाबासकी कशी द्यावी, हें आईला करून दाखवी. खेळणीं विकत आणलेलीं नसत. टाकाऊ वस्तूंपासून घरच्या घरीं बनविलेलीं असत. तिसऱ्या गटाला दूध आणि खेळ दोन्ही मिळे. चौथ्याला यांपैकीं कांहींच नाहीं. हा क्रम दोन वर्षें चालला.

दोन वर्षांनंतर दिसून आलें कीं, दुधानेंहि मुलांची बुद्धि सुधारली आणि खेळानेंहि सुधारली. ज्यांना दोन्ही मिळालें तीं मुलें धडधाकट मुलांच्या जवळपास येऊन पोहोंचलीं. हीं मुलें पुढें मोठीं होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवण्यांत आली. बुद्धीवरील दुधाचा परिणाम कालांतरानें पुसट झाला. खेळाचा आणि बोलण्याचा टिकला. वीस वर्षांनीं, हीं मुलें बावीस वर्षांच्या आसपास आलीं तेव्हां, ज्यांच्या घरीं सेविका जात असे त्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांच्या तुलनेनें सुमारें २५ टक्के अधिक भरली. हा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्याचा एक तास, कांहीं पुठ्ठ्याचीं खेळणीं आणि आईच्या ठिकाणीं आलेला आत्मविश्वास, एवढेंच त्यामागचें भांडवल होतें.

मनाचा परिणाम जसा शरीरावर होतो, तसा भोवतालच्या जड सृष्टीचा परिणाम मनावर होतो. आणि तो बहुधा ओळखला जात नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागांत एका शाळेलगत उंच पुलावरून रेल्वेगाड्या जात. इमारतीच्या एका बाजूच्या वर्गांत दर साडेचार मिनिटांनीं सुमारें अर्धा मिनिट कोणालाच कांहीं ऐकूं येत नसे. दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत होते. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं दोन्ही बाजूंच्या मुलांचें वाचन तपासलें. सहाव्या इयत्तेपर्यंत गोंगाटाच्या बाजूचीं मुलें वाचनांत जवळजवळ एक वर्षानें मागें पडलेलीं आढळलीं. हें १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें रुळांखालीं रबराच्या गाद्या घालण्यांत आल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारीं तावदानें बसविण्यांत आलीं. आणि १९८१ सालच्या अहवालांत दोन्ही बाजूंच्या मुलांमधील अंतर नाहींसें झालेलें दिसलें. मुलें तशाच वस्तींतलीं, शिक्षणक्रम तोच. बदलला तो केवळ आवाज.

गोंगाट निदान ऐकूं तरी येतो; शिशासारखें विष दिसतहि नाहीं आणि ऐकूंहि येत नाहीं. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनीं शाळेंतील मुलांचे पडलेले दुधाचे दांत जमविले आणि त्यांतील शिसें मोजलें. ज्यांच्या दांतांत शिसें अधिक होतें तीं मुलें बुद्धीच्या कसोट्यांत मागें होतीं, आणि त्यांचें लक्ष लागत नाहीं, सांगितलेलें तीं पार पाडीत नाहींत, अशी शिक्षकांची तक्रारहि अधिक होती. हें संशोधन १९७९ सालचें. हें शिसें जुन्या रंगाच्या पोपड्यांतून आणि मोटारींच्या धुरांतून मुलांच्या अंगांत शिरत असे. भारतांत शिसेंमिश्रित पेट्रोलची विक्री २००० सालीं बंद झाली. त्यापूर्वीं मोठ्या शहरांतील रहदारीच्या रस्त्यांवर वाढलेल्या कित्येक मुलांना घरीं व शाळेंत ‘द्वाड’ आणि ‘ढ’ हीं विशेषणें मिळालीं असतील. त्यांपैकीं कितीजणांचा दोष त्यांच्या स्वभावाचा होता आणि किती हवेचा, हें आतां कोण सांगणार?

मुलाला दोष देण्यापूर्वीं त्याच्या भोवतालाकडे पाहावें, ही दृष्टि महाराष्ट्राला नवी नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें. गरिबांचीं आणि आदिवासींचीं मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां तीं आळशी आहेत असें म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. बालवाडीच त्यांनीं मुलांच्या अंगणांत नेली. मुलांना न्हाऊंमाखूं घालणें, नखें कापणें, शिंपले, खडे, पानें यांनीं खेळविणें, गाणीं म्हणून घेणें, हें सारें तेथें शिक्षण समजलें जाई. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणापर्यंत पोहोंचली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हां ‘अंगणवाडी’ हें नांव देशभर जाऊं लागलें. तथापि अंगणवाडीचा विषय निघाला म्हणजे आजहि चर्चा होते ती खिचडीची आणि वजनाची. अंगणांतील खेळ आणि गाणें हा त्या खिचडीइतकाच पोषणाचा भाग आहे, याची आठवण क्वचित् होते.

सुशिक्षित घरांत अन्नाची वाण सहसा नसते. तेथें वाण असते ती निवांतपणाची. जेवणाची वेळ हीच सर्व कुटुंब एकत्र येण्याची वेळ, म्हणून दिवसभराचा हिशेबहि तेव्हांच मागितला जातो. गुणपत्रक ताटाशेजारीं ठेवलें जातें. शेजारच्या मुलाची तुलना वरणभाताबरोबर वाढली जाते. आणि मग मूल नीट जेवत नाहीं अशी तक्रार घेऊन आईबाप डॉक्टरांकडे जातात. अभ्यासाचा हिशेब घेऊंच नये असें नव्हे. परंतु त्याला दुसरी वेळ शोधावी. ज्या खोलींत मूल अभ्यास करतें तेथें एकदां स्वतः शांतपणें बसून काय ऐकूं येतें तें पाहावें. मूल झोपतें किती वाजतां आणि ऐकतें काय ऐकत, याची नोंद दुधाच्या पेल्याइतक्याच काळजीनें ठेवावी. आणि घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईचें तान्हें मूल स्वयंपाकघराच्या दाराशीं गप्प बसलेलें असलें, तर त्याच्या हातीं बिस्किट देऊन थांबूं नये. वाटी आणि चमचा द्यावा, त्यांचीं नांवें सांगावीं, त्याच्याशीं चार शब्द बोलावे. तें बिस्किट त्याला संध्याकाळपर्यंत पुरेल. ते शब्द त्याला त्याहून पुष्कळ पुढें पुरतील.