उतारावर घासणारी मोटार

पुस्तकांच्या खरेदीसाठी अप्पा बळवंत चौकात येणाऱ्या शिक्षकमित्रांना पुण्याच्या बुधवार पेठेतले बोळ ठाऊक असतीलच. इथले जुने वाडे उभे राहिले तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले आणि कित्येक वाड्यांची अंगणे रस्त्याच्या खाली राहिली. मग दाराशी एक तोकडा, चांगलाच उभा उतार आला. त्यावरून स्कूटर जाते, रिक्षाही जाते. पण कोणी हौसेने घेतलेली बुटकी स्पोर्ट्स मोटार आली की खर्रकन आवाज होतो आणि मालकाच्या काळजात धस्स होते. नुसता रंग खरवडला तर निभावले. इंजिनाच्या तेलाचे भांडे खालीच असते. ते फुटले, तेल गळून गेले आणि गाडी तशीच हाकली, तर इंजिन जाम!

बैलगाडीला ही पीडा नव्हती. चाके उंच, आसाखाली जागा भरपूर. या मोटारीचे पोट मात्र जमिनीपासून 12 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धी वीत.

आता गंमत पाहा. मोटार चढाने घासत नाही, चढ जिथे एकदम मोडतो तिथे घासते. वर्गात दोन पाट्या घराच्या छपरासारख्या टेकवा. फूटपट्टीच्या दोन्ही टोकांखाली खोडरबर लावून ती वरून आडवी न्या. मधला कंगोरा पट्टीला लागेल. छप्पर थोडे पसरट करा, पट्टी सुटेल.

हिशेबच मांडू. पाच फुटांना एक फूट असा चढ सपाट रस्त्याला एकदम मिळाला आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असले, तर कंगोरा सुमारे साडेबारा सेंटिमीटर वर येतो. आपल्याकडे जागा बाराच! मध्ये दोन मीटरचा, दहाला एक असा मवाळ तुकडा घातला की तोच आकडा सहाच्या जवळ येतो. उताराच्या पायथ्याशी गाडीचे नाक घासते, तिथेही हाच उपाय. मात्र हा तुकडा आपल्या हद्दीत घ्यावा. गटार बुजवून रस्त्यावर उतार काढणारे महाभाग आहेत. पावसाळ्यात ते पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर चढते.

गवंडी येईपर्यंत काय करावे? माणसे खाली उतरवावीत, म्हणजे गाडी जरा उचलली जाते. ब्रेक आधीच लावून घ्यावा. ऐन कंगोऱ्यावर दाबला तर नाक खाली जाते. जागा असेल तर गाडी तिरपी घ्यावी, एकेक चाक चढू द्यावे. पेठेतल्या बोळात तेवढी जागा क्वचितच मिळते, गावाकडे मिळते. पण मंडळी, ही तिरकी युक्ती मोटारीपुरतीच हं! कडब्याने भरलेली गाडी किंवा उसाची ट्रॉली बांधावर तिरपी घातली, तर ती कलंडते. ती सरळच न्यावी.