त्वचा, ऊन आणि 'क' जीवनसत्त्व

हल्लीं औषधांच्या दुकानांत गडद काचेची एक लहानशी बाटली मिळते. तीस 'क' जीवनसत्त्वाचें सीरम म्हणतात. सीरम म्हणजे तोंडास लावावयाचा पातळ अर्क. घरांतील मुली विचारतात, हें घ्यावें काय? वडील मंडळी विचारतात, ह्यांत पैसे घालावे काय? ह्या अर्काकडून काय मिळतें व काय मिळत नाहीं, हें नीट समजलें म्हणजे दोघांनाहि उत्तर मिळेल.

हा विषय समजण्यास आमच्या वेरूळचा एक दाखला सोयीचा आहे. येथील लेण्यांत दगडी भिंतींवर मातीचा गिलावा दिलेला आहे. पुरातत्त्व खात्यांतील राजदेव सिंग व मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनीं त्या गिलाव्याचे नमुने तपासले, तेव्हां मातींत भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आढळले. त्यांचा निबंध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. नुसती माती सुकली म्हणजे तडकते. धागे तिला धरून ठेवितात.

आपल्या त्वचेची रचनाहि अशीच आहे. तिच्या आंतल्या थरांत कोलॅजेन नांवाच्या तंतूंचें जाळें असतें आणि ते तंतु घट्ट विणले जाण्यास 'क' जीवनसत्त्व लागतें. तें न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येतें व भरलेल्या जखमा पुन्हां उकलतात. पूर्वींचे दर्यावर्दी ह्याच स्कर्व्ही रोगानें मरत. १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या आरमारी वैद्यानें अशा रोग्यांस संत्रीं व लिंबें दिलीं आणि ते झपाट्यानें सुधारले. त्या फळांतील द्रव्य पुढें सेंट-ज्यॉर्जी यांनीं वेगळें काढलें व १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मग फळें खावीं, तोंडास लावावयाचें कशास? शंका रास्त आहे. पोटांत गेलेलें जीवनसत्त्व सर्व शरीरांत वांटलें जातें आणि गरजेहून अधिक झालेलें लघवीवाटे निघून जातें. बाहेरून लाविलेलें मात्र थेट त्वचेंत मुरतें. उन्हाच्या अतिनील किरणांमुळें त्वचेंत जे उपद्रवी कण उत्पन्न होतात, त्यांस तें निष्प्रभ करितें. त्वचेंतील रंगद्रव्य बनण्याच्या क्रियेसहि तें थोडा आळा घालितें. म्हणून उन्हानें पडलेले किंवा मुरुमांनीं मागें ठेविलेले काळे डाग हळूहळू फिके होतात. मात्र दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

घेतांना प्रमाण पाहावें. शेंकडा दहा ते वीस पुरे. विसाच्या वर अधिक मुरत नाहीं, जळजळ मात्र वाढते. हें द्रव्य हवा, उजेड व उष्णता ह्यांनीं नासतें. चिरलेल्या सफरचंदाप्रमाणें अर्क तांबूस झाला म्हणजे तो निकामी समजावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत बाटली खिडकींत ठेवूं नये. आधीं हाताच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें. मग सकाळीं धुतलेल्या तोंडास चार थेंब पुरतात. घराबाहेर पडतांना त्यावर ऊन रोखणारें मलम व डोक्यावर छत्री हवीच. घरचें लिंबू चोळून हेंच काम होईल असें मानूं नये. लिंबाच्या रसानें आणि उन्हानें मिळून कातडी भाजल्यासारखी होते. लिंबू वरणांत पिळावें, गालांवर नव्हे.

आतां महत्त्वाची गोष्ट. हा अर्क कोणासहि गोरें करीत नाहीं. तो डाग फिके करील, जन्माचा वर्ण बदलणार नाहीं. आणि तो बदलावा तरी कां? २०२० सालीं 'फेअर अँड लव्हली' ह्या प्रसिद्ध मलमानें आपल्या नांवांतील गोरेपणा काढून टाकिला. परंतु मुलगी पाहावयास गेलेल्या घरांत 'रंगानें जरा उजळ असती तर' हें वाक्य अजून ऐकूं येतें. तें ऐकलेली मुलगी बिननांवाचें स्वस्त मलम आणते. अशा मलमांत पारा किंवा स्टेरॉइड असल्याचें अनेकदां आढळलें आहे. पाऱ्यानें मूत्रपिंडें बिघडतात, स्टेरॉइडनें कातडी पातळ होते. म्हणजे एका वाक्याची किंमत ती मुलगी आपल्या प्रकृतीनें देते. आमच्या कैलास लेण्यास एके काळीं पांढरा गिलावा व रंग होता, म्हणून लोक त्यास रंगमहाल म्हणत. तो रंग बहुतेक गळून गेला. तरी जग पाहावयास येतें तें त्या काळ्या पाषाणाचें रूपच.

तेव्हां श्रोतेहो, पैशाची सोय असेल तर हा अर्क अवश्य वापरावा. सोय नसेल तर खंत करूं नये. दौलताबादहून वेरूळला येतांना रस्त्याच्या कडेस पेरू विकणाऱ्या बाया बसतात. पेरूंत संत्र्याच्या सुमारें चौपट 'क' जीवनसत्त्व असतें आणि एका पेरूनें प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागते. आधीं पेरू, मग छत्री, आणि मग बाटली, हा क्रम घरांत पाळावा. आणि मुलींच्या वर्णाविषयीं बोलणें आजपासून सोडून द्यावें.