गोठलेला भाव आणि कसणाऱ्याचा खर्च



टोकियोतील या सभागृहात भोजनापूर्वी उपासमारीविषयी बोलणे प्रशस्त नव्हे, तरी आम्ही बोलणार आहोत. आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची खोडच असते.

ऑक्टोबर १९३९ मध्ये जपान सरकारने वस्तूंचे भाव १८ सप्टेंबरच्या पातळीवर गोठविले. शेतकऱ्याचा खर्च मात्र गोठला नाही. तरुण सैन्यात व कारखान्यांत गेले, खतांचा तुटवडा झाला. अखेर १९४१ साली एक कोकू, म्हणजे सुमारे १५० किलो तांदळास ४४ येन मूळ भाव ठरवून प्रत्यक्ष कसणाऱ्यास वर ५ येन देण्यात आले. जमीनदाराच्या खंडाच्या तांदळास ते ५ येन नव्हते, आणि ही तफावत पुढे वाढतच गेली. पिकाचा जवळजवळ निम्मा वाटा घेणाऱ्या जमीनदाराचे बळ असे घटले; कुळांचा कळवळा आला म्हणून नव्हे, सरकारला तांदूळ हवा होता म्हणून! १९४६ च्या जमीनसुधारणेची वाट त्यामुळे काहीशी सोपी झाली. ज्यांच्या आजोबांनी कोकणात खोताचे देणे भरले, त्यांना याचे मोल सांगावयास नको. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक संमत झाले नव्हते.

तथापि सरकारी भाव खर्चास पुरेना, तेव्हा तांदूळ मागल्या दाराने जाऊ लागला. शहरी माणसे किमोनो घेऊन आगगाडीने खेड्यांत जात. बांबूच्या कोंबाची एकेक साल काढावी तसे एकेक वस्त्र विकून जगणे, म्हणून त्यास ‘ताकेनोको’ जीवन म्हणत. शिधापत्रिकेवर प्रौढास दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम तांदूळ, जुलै १९४५ पासून ३०० च. तोही पुष्कळदा रताळ्या-बटाट्यांच्या रूपाने. ३३० ग्रॅम म्हणजे जेमतेम बाराशे उष्मांक. एवढ्यावर कष्टकरी शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते.

याच शहरात यामागुची योशितादा हे न्यायाधीश काळ्या बाजाराचे खटले चालवीत. ज्या अपराधासाठी इतरांस शिक्षा द्यावयाची तो आपण करावयाचा नाही, असे ठरवून ते शिध्यावरच राहिले. त्यातलाही मोठा वाटा मुलांना देत. ११ ऑक्टोबर १९४७ रोजी, अवघ्या ३३ वर्षांचे असताना, ते कुपोषणाने वारले. आम्हांस त्यांच्याविषयी आदर वाटतो, आणि डॉक्टर म्हणून रागही येतो. तो राग त्यांच्यावर की त्या भावपत्रकावर, हे अद्याप आम्हांस ठरविता आलेले नाही.

अन्ननियंत्रणाचा तो १९४२ चा कायदा १९९५ साली रद्द झाला.