अक्षरजुळणीचे गुरू



गणिताचे पुस्तक जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे हाल ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आजचा विषय परका वाटणार नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या हाती १९७७ साली स्वतःच्याच ग्रंथाची मुद्रिते आली. ती त्यांना इतकी ओबडधोबड वाटली, की संगणकाकडून अक्षरजुळणी करून घेणारी 'टेक्' ही प्रणालीच त्यांनी रचावयास घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्या पायावर 'लाटेक्' उभारले. मजकुरातच आज्ञा लिहावयाच्या, पान यंत्र लावते. आता या आज्ञा शिकावयाच्या कोणाकडून?

आम्ही आरंभ केला तो थेट नूथ यांच्या १९८४च्या 'टेक्बुक'पासून. मूळ ग्रंथच वाचावा, ही आमची जुनी खोड! ग्रंथ रसाळ आहे. अवघड परिच्छेदांशेजारी घाटातल्या धोक्याच्या वळणाची खूण छापलेली असते, कोठे कोठे दोन खुणा. आम्ही ती वळणे घेत बसलो आणि महिना गेला तरी साधे कोष्टक उतरेना. भाजी घेण्यापुरते बोलता यावे म्हणून पाणिनी उघडावा, तशातला प्रकार. मग टोबियास ओएटिकर आणि सहकाऱ्यांची विनामूल्य प्रवेशिका हाती लागली आणि आठवड्यात कोष्टक उभे राहिले. त्रिवेंद्रमच्या भारतीय टेक् वापरकर्त्यांच्या संघानेही २००३ साली अशीच एक सिद्ध केली आहे.

खरी फजिती पुढेच झाली. आम्हांस मराठी निबंध छापावयाचा होता. जे टिपण मिळाले त्यात मराठी रोमन अक्षरांत टंकावे आणि मग एका निराळ्या प्रोग्रॅममधून गाळून घ्यावे, असे सांगितले होते. फ्रान्स वेल्टहाइस यांनी १९९१ साली ही सोय केली; त्या काळी ती मोठीच होती. आम्ही चाळीस पाने तशी टंकली. मग कळले, की युनिकोडातली देवनागरी जशीच्या तशी घेणारे जोनाथन क्यू यांचे 'झीटेक्' २००४ सालीच आले होते! टिपण खोटे नव्हते, शिळे होते. त्यावर तारीख मात्र नव्हती.

तेव्हापासून आम्ही आधी तारीख पाहतो. आणि एक घरचीच गोष्ट. 'टेक् लाइव्ह' पूर्ण बसवले असेल, तर 'टेक्सडॉक' अशी आज्ञा देऊन पुढे हव्या त्या संचाचे नाव लिहावे. त्याची पुस्तिका समोर उघडते. अनेक भाषांसाठी असलेल्या 'पॉलिग्लॉसिया' संचाच्या पुस्तिकेत मराठीचेही नाव आहे. आमच्या यंत्रात ती पहिल्या दिवसापासून पडून होती.

त्या चाळीस पानांचे काय झाले, असे समोरून कोणी विचारीत आहेत. पुन्हा टंकली!